पाटी येईपर्यंत

दोन्ही तळवे जमिनीकडे करून हवा खाली दाबायची आणि म्हणायचं, "बसा, बसा! पाटी आल्याबिगर उठाचं नाई." हे अकोल्यातल्या आमच्या टॉकीजचे डोअरकीपर काका. पडद्यावर 'समाप्त'ची पाटी येण्याआधी कुणी उठलं, की भरल्या ताटावरून उठल्यासारखा त्यांना राग यायचा.

कॉलेजातल्या चार मैत्रिणी सुट्टीत समुद्रावर जातात, असा एक जुना सिनेमा परीक्षा संपल्या की तिथे दरवर्षी लागायचा. तुम्हीही असा एखादा पाहिला असेल. आम्ही अकोटच्या पोरी गाण्यांसाठी जायचो आणि तीनची एसटी गाठायला शेवटाआधीच निघायचो. एकदा काकांनी दारच अडवलं.

"काका, गाडी जाईल!"

"कंडक्टरले सांगून आलो मी. थांबते तो. शेवट पाहून जा."

शेवटी चौघींतली एक घरी येते. तिचं लग्न ठरलेलं असतं. उंबऱ्यावर उभी राहून ती वडिलांना सांगते, मला आधी शिकायचंय.

बाहेर पडताना काका हळूच म्हणाले, "माह्या पोरीले मी सेकंड इयरलेच कॉलेजातून काढलं. लग्न लावून देल्लं. चुकलंच माहं."

गाडी खरंच थांबली होती. आतले प्रवासी आमच्या नावानं बोंबलत होते.

पुढच्या वर्षी घरात माझ्या लग्नाची बोलणी निघाली, तेव्हा मी वडिलांना तेच वाक्य ऐकवलं. आज अकोल्यातच कॉलेजात शिकवते.

टॉकीज कधीच पडली. मागच्या वर्षी तो सिनेमा कॉलेजात दाखवावा, काकांचा सत्कार करावा, असं मीच सुचवलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते तासभर आधी आले. आणि आम्ही काय केलं? पाहुण्यांना उशीर होतोय म्हणून प्राचार्यांनी शेवटची पंधरा मिनिटं बाकी असतानाच सिनेमा बंद केला. भाषणं मात्र पाऊण तास! शाल पांघरलेले काका माईक सोडून थेट दाराशी गेले. "बसा, पोरीहो! सिनेमा सरला नाई!" पोरी हसत त्यांच्या हाताखालून नाश्त्याला पळाल्या. मला अजून संताप येतो, प्राचार्यांचा आणि त्याहून जास्त माझा. मी पहिल्या रांगेत होते आणि गप्प होते.

शाल घडी करून त्यांनी माझ्या हातात दिली. "मॅडम, तुमी तरी बोलाले पायजे होतं."

दिवाळीनंतर काका गेले. यंदा कॉलेजाच्या एका कार्यक्रमात प्राचार्य गंभीर आवाजात म्हणाले, "श्रद्धांजलीसाठी दोन मिनिटं उभे राहूया."

सगळे उठले. मी बसून राहिले.

"आधी सिनेमा पुरा दाखवा," म्हटलं, "मग उठते."