दोऱ्याने बांधलेल्या जोड्या

कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झाल्यावर बाबांनी भोपाळातच लोखंड कातायचं एक लेथ मशीन घेऊन शेड टाकली. कारखान्याच्या टाउनशिपमधलं क्वार्टर तिथल्याच शाळेतल्या माझ्या नोकरीमुळे टिकून होतं. त्याच कारखान्याने बाबांकडे नट-बोल्टचा नमुना मागितला. पास झाला तर वर्षभराचं काम, नाहीतर शेडला कुलूप.

बाबांनी प्रत्येक नट त्याच्या बोल्टवर अलगद फिरेपर्यंत घासला. जोड्या चुकू नयेत म्हणून मी त्या दोऱ्याने बांधल्या. केवढा अभिमान होता मला त्या गाठींचा.

तपासायला कारखान्याचे साहेब शेडवर आले. त्यांनी कात्रीने सगळे दोरे कापले, नट-बोल्ट ट्रेमध्ये मिसळले आणि म्हणाले, "दादा, अब लगाइए."

बाबा एकेक लावू लागले. चौथाच नट अडकला. "इसका वाला दूसरा है," बाबा पुटपुटत राहिले. साहेबांनी शांतपणे विचारलं, की हे नट-बोल्ट लावलेलं मशीन कुठे लांब बिघडलं, तर तिथला माणूस ह्याचा जोडीदार कुठे शोधणार? मी रागाने कापलेले दोरे गोळा केले.

काम दुसऱ्या शेडला गेलं. त्यांचे नट आमच्याइतके गुळगुळीत नव्हते, पण कोणताही नट कोणत्याही बोल्टवर बसायचा.

आमची शेड किरकोळ कामांवर तगली. पुढच्या वर्षी पुन्हा नमुना मागितल्यावर बाबांनी प्रत्येक नग ठरल्या मापाचं गेज लावून तपासला. साहेब यायच्या आधी त्यांनी स्वतःच सगळे नट-बोल्ट डब्यात टाकून ढवळले आणि डबा माझ्याकडे सरकवला.

"तू लावून बघ," ते म्हणाले. "माझा सवयीचा हात अडणाऱ्या नटालाही सांभाळून घेईल."