सिंहिणीचं कॉलरबोन

तिचा डावा खांदा मला आजही सुखाने झोपू देत नाही. माझी लेक तिशीला टेकली. खांदा मोडला तेव्हा ती दुसरीत होती. तरी डोळा लागायच्या सुमाराला मला तोच आठवतो. आज तर जास्तच, कारण सकाळपासून ती त्याच खांद्यावर जोर देऊन खड्डा उकरते आहे.

मेलेल्या प्राण्यांचे सांगाडे जोडून उभे करणं हे तिचं काम. कॉलेजच्या संग्रहालयामागे पत्र्याची एक शेड आहे, तिथे ते चालतं. शेजारच्या वहिनी विचारतात, "काय हो, मुलगी हाडवैद्य झाली म्हणे?"

"झाली ना," मी म्हणते, "आणि तिचा एकही पेशंट कुरकुर करत नाही."

हे झालं लोकांसाठी. त्या शेडमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा मी नाकाला रुमाल लावून दारातच थिजले होते. कोमट पाण्याच्या पिंपांत मांस कुजू देतात आणि हाडं मोकळी करतात. तो वास केसांत घर करतो. माझी लेक तिथेच उभी राहून डबा खात होती. वर मलाच म्हणते, "आई, आत ये गं, कुणी चावत नाही. दात सगळे काढून ठेवलेत."

मी शिकले इतिहास. मला वाटायचं, हाड म्हणजे हाड. त्या दिवशी तिने टेबलावर घोड्याचा पुढचा पाय आणि वटवाघळाचा पंख शेजारी शेजारी मांडला आणि माझा हात ओढून त्यांच्या मध्ये ठेवला. दंडाचं एक हाड, पुढे दोन, मग मनगटाचे खडे, मग बोटं. तिन्हीकडे तोच क्रम. वटवाघळाची बोटं छत्रीच्या काड्यांसारखी लांबलेली, आणि घोड्याचं मधलं एकच बोट उरलेलं. "घोडा जन्मभर एकेका बोटाच्या नखावर धावतो, आई. आणि तू चपलेशिवाय गच्चीवर जात नाहीस." मी घरी येईपर्यंत स्वतःच्या हाताकडेच बघत होते.

तिला हे वेड लागलं त्या मोडक्या खांद्यामुळेच. मांजर कठड्यावरून चालतं म्हणून हीही चालली आणि खाली आली. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून दाखवला. गळ्याखालचं आडवं हाड, कॉलरबोन, मधोमध मोडलं होतं. रडता रडता हिने विचारलं, "मांजराचं का नाही मोडत?"

डॉक्टर म्हणाले, "मांजरालाच विचार."

तिने विचारलंच म्हणायचं. बरीच वर्षं लागली, पण उत्तर घेऊन आली. माणसाचं कॉलरबोन एका टोकाला छातीच्या हाडाला आणि दुसऱ्या टोकाला खांद्याला टेकलेलं असतं, म्हणून हात बाजूला पसरतो, फांदी पकडतो, पोर कडेवर घेतो. हातावर पडलो की धक्का तिथेच बसतो. घोड्याला ते हाड नाहीच, त्याला फक्त धावायचं असतं. आणि मांजराच्या जातीत ते बारीक होऊन नुसतं स्नायूत तरंगतं, कशालाच जोडलेलं नसतं. म्हणून मांजर डोकं जाईल त्या फटीतून खांदेही नेतं.

घोळ झाला तो या तरंगण्यातच. प्राणिसंग्रहालयातली एक म्हातारी सिंहीण वारली. हाडांची सरमिसळ होऊ नये म्हणून ही मंडळी प्रत्येक पाय, मान, छाती वेगवेगळ्या जाळीच्या पिशवीत घालून पिंपात सोडतात. सिंहिणीचा पुढचा पाय धडाशी नुसत्या स्नायूंनी धरलेला, तो सुरीने सहज सुटतो. बोटाएवढी ती दोन हाडं ना पायाच्या पिशवीत गेली, ना मानेच्या. कापलेल्या मांसाबरोबर शेडमागच्या खड्ड्यात पुरली गेली. सांगाडा उभा राहिल्यावर तिच्या लक्षात आलं. दुसऱ्या कुणाच्याही आलं नसतं.

ती आपण होऊन संग्रहालयाच्या साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, "सोमवारी दालन उघडायचंय. प्लास्टरची करून लाव आणि गप्प बस."

"लावते सर. पण पाटीवर प्लास्टरची आहेत असं लिहीन."

"पहिल्याच दिवशी आपली चूक पाटीवर? मग पुढच्या वर्षीचं कंत्राटही तूच लिही स्वतःचं."

हे तिने मला संध्याकाळी फोनवर साहेबांच्या आवाजात म्हणून दाखवलं. मी हसले नाही. "खांदा दुखतोय का?" एवढंच विचारलं.

"तुझं आपलं खांदापुराण!" ती म्हणाली. "अर्धा खड्डा झालाय. माती चाळून बघतेय. शेपटीचा एक मणका मिळाला, पण तो भलत्याच कुणाचा तरी आहे."

तेव्हापासून एक वाक्य माझ्या जिभेवर बसलं आहे. बाई गं, लाव ती प्लास्टरची, पाटीचं सोड, नोकरी सांभाळ. कोण वाकून बघणार आहे सिंहिणीच्या गळ्यात? आईने हेच म्हणावं, जगरहाटी आहे.

पण तिनेच मागे एकदा सांगितलेलं मला आता आठवतंय. पोटातल्या बाळात सगळ्यात आधी हाड व्हायला लागतं ते हेच, आणि पुरतं पक्कं होतं ते थेट विशी ओलांडल्यावर. म्हणजे ती माझ्या पोटात आहे हे मला जेमतेम कळलं होतं, तेव्हाच हिचं ते हाड कामाला लागलं होतं. मध्ये मोडलं, किंचित वाकडं जुळलं, तरी धरून राहिलं. अशा मुलीला मी प्लास्टर शिकवू?

मघाशी उठून स्वयंपाकघरात गेले. पिठाची चाळणी कामाची नाही, ओल्या मातीने बुजेल. तांदळाची मोठी चाळण काढली आणि पिशवीत घातली. जुने बूटही तिच्यातच टाकले.

ती झोपली नसणार. फोन करते आणि सांगते, पहिल्या बसने येतेय. खड्डा मी उकरणार, तू फक्त चाळायचं. आणि सोमवारपर्यंत नाहीच मिळाली, तर पाटी ठळक अक्षरात लिही, मला चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजे.