कणमास्तरांची साक्ष

१९५८ सालचा मार्च, मंगळवारची सकाळ, मालवणातला दांडीचा किनारा. हजर माणसं: माझे वडील तात्या, आमच्या रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्या घरांनी मिळून ओढायच्या जाळ्याचे, म्होरके; त्यांचे चुलतभाऊ बाबीकाका, रापणीतली उरलेली चार घरं, बायकामुलांसकट, पाट्या घेऊन मी, आणि सगळ्यांपासून लांब, उन्हात छत्री उघडून, कणमास्तर. त्या सकाळी तिथे नको होता असा एकच माणूस होता, तो हा छत्रीवाला.

कणमास्तर कुणालाही, कशाचीही खात्री देत नसत. आई जेवायला वाढून विचारायची, "मास्तर, कढी बरी झाली मां?" ते भुरका मारून म्हणायचे, "कालच्यापेक्षा वायट नाय. बरी आसा असा माका म्हणूचा नाय." आई पदराआड तोंड वाकडं करायची. पाहुणा गोड बोलला नाही तर निदान गप्प बसावं, एवढी साधी रीत त्यांना ठाऊक नव्हती.

मुंबईतल्या एका कॉलेजात वरिष्ठांशी भांडून ते गावाकडे आले होते. आता शाळेत विज्ञान शिकवायचे आणि आमच्या मागच्या पडवीत राहायचे. हवा, पाणी, मीठ, आईची कढी, सगळी बोलणी शेवटी कणांवर यायची, म्हणून वाडीने हे नाव ठेवलं. शाळेत त्यांना उष्णता आणि वाफेचं इंजिन एवढंच शिकवायचं असे. त्यापुढचं डोक्यात खदखदत असायचं आणि ऐकायला कुणी नसायचं. मी मॅट्रिक होऊन घरीच होते. रापण ओढायला कोण आलं, कोण नाही, याची टिपणं ठेवायचं काम माझं. आकडे लिहिताना दिसले, म्हणून मी सापडले.

शिकवताना ते दोन करवंट्या आणि चार शिंपल्या घ्यायचे. प्रत्येक शिंपलीवर कोळशाने वेगळी खूण. "चारही एकाच करवंटीत, ह्याच करवंटीत, असं किती तऱ्हांनी होईल?" एकाच. "दोन इथे, दोन तिथे?" मी मांडून बघितलं, सहा तऱ्हा निघाल्या. "मग डोळे मिटून टाकल्यास तर काय जास्त वेळा दिसेल? दोन-दोन. का? शिंपल्यांना समानता आवडते म्हणून? कुणी हुकूम सोडला म्हणून? मूर्खासारखी मान हलवू नकोस. तऱ्हा जास्त आहेत, एवढंच कारण." चारांच्या जागी अब्जावधी कण घेतले की खोलीतली सगळी हवा एका कोपऱ्यात कधी जमत का नाही, ते कळतं, असं ते म्हणत. तसं होण्याला बंदी नसते. फक्त त्या बाजूने तऱ्हा इतक्या थोड्या असतात की वाट बघणारा संपतो.

एन्ट्रॉपी हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो शिव्यांसोबत. त्यांची पडवी म्हणजे उकिरडा. पुस्तकांवर लुंगी, लुंगीवर खोबरं. एकदा ते शाळेत असताना मी सगळं झाडून, पुसून, ओळीने लावून ठेवलं. आल्यावर ते कडाडले. "कोणी सांगितलं होतं? मला कुठे काय आहे ते माहीत होतं, आता नाही. आणि एन्ट्रॉपी म्हणजे पसारा नव्हे. पसारा तुझ्या डोळ्यांत आहे. बाहेरून एकच दिसणारं चित्र आतून किती तऱ्हांनी मांडलेलं असू शकतं, त्याची ती मोजणी. खोली आवरताना घामाघूम झालीस ना? त्या घामाने आणि उष्णतेने जगात जेवढी भर टाकलीस, ती ह्या चार पुस्तकांच्या आवराआवरीपेक्षा फार मोठी आहे." मी म्हटलं, "मग उद्यापासून तुमची उष्टी ताटंसुद्धा तिथंच ठेवते, जगावर उपकार होतील." ते हसले नाहीत. मीही विनोद केला नव्हता.

त्या मंगळवारचं कारण असं. मासळी किनाऱ्यावर आली की घरागणिक एक असे सहा ढीग वाळूत पडत. शेवटचा ढीग उरल्यासुरल्या, तुटक्या मासळीचा. तो कुणाकडे जावा यावर भांडण नको, म्हणून तात्या ढिगांकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करत. कुणीतरी ढिगाला काठी लावून ओरडे, "हो वाटो कोणाचो?" तात्या न बघता एका घराचं नाव घेत. पिढ्यान् पिढ्यांची ही रीत. त्या मंगळवारी तुटका ढीग लागोपाठ तिसऱ्यांदा बाबीकाकांना गेला.

त्यांनी पाटी वाळूत आपटली. "काठी खंयच्या ढिगापासून सुरू होता, ता तात्याक आधीच म्हायत आसता!"

तात्या वळले. त्यांचा आवाज चढला नाही. "बाबी, मी तुका फसवलंय असा म्हणतंस?"

कुणीतरी म्हणालं, मास्तरांक इचारा, ते शिकलेले आसत, तात्याचे कोण लागत नाय. सगळी माणसं छत्रीकडे वळली. मला हायसं वाटलं. मोजणीचा माणूस आयता उभा होता.

मास्तर पुढे आले. "घरां सहा. हंगाम मोठो. कोणाक तरी लागोपाठ तीनदा असा येतलाच. कोणाकच आला नसता, तर माका नवल वाटला असता."

"होऊ शकता, ता कळला," बाबीकाका म्हणाले. "तात्यान लबाडी केल्यान नाय, असा छातीर हात ठेवन सांगा."

"ता माका सांगूक येवचा नाय."

"कित्याक?"

"मोजणीतून फक्त कळता की लबाडी नसतानाय असा होता. लबाडी नाय, असा कळणा नाय."

"बरोबर," बाबीकाका म्हणाले. "तुमच्या कणांक मन नसता. तात्याक आसा."

"म्हणानच," मास्तर म्हणाले, "माझ्या मोजणीत तात्याचा मन दिसणा नाय." आणि त्यांनी छत्री खांद्यावर टेकली.

लोकांनी पहिलं वाक्य विसरून शेवटचं तेवढं घरी नेलं. रापणीचं जाळं म्हणजे घराघराच्या तुकड्यांची जोडणी. दुपारी बाबीकाकांनी आपले तुकडे सोडवून नेले, मागोमाग आणखी दोन घरांनी. उरलेल्या जाळ्याने किनारा वेढता येईना. तात्या पुन्हा कधी ढिगांकडे पाठ करून उभे राहिले नाहीत. दुसऱ्या रापणींच्या वाटपाच्या वेळी ते घरात सुतळी वळत बसत. बाजारात कुणी हसलं तरी त्यांना ते आपल्यालाच वाटे.

मी मास्तरांना पडवीत गाठलं. "एक शब्द बोलला असतात तर काय झिजला असतात? इथे जेवता, तात्यांना ओळखता."

"ओळखतो," ते म्हणाले. "मी त्यांना मानतो. पण लोकांनी मला ओळखीबद्दल विचारलं नाही. मोजणीबद्दल विचारलं."

"तुमच्यात माणूस नाही, नुसते कण आहेत."

"ते सगळ्यांतच असतात."

मी त्यांची ट्रंक अंगणात ठेवली. तात्यांनी ती उचलून परत आत नेली. "ऱ्हवांदे गो. तो खरा ताच बोललो." तात्यांच्या त्या शब्दांनी मला मास्तरांचा जास्तच राग आला.

शाळेचं वर्ष संपल्यावर मास्तर गेले. निरोपाला मी मुद्दाम विहिरीवर थांबले. जाताना पायवाटेवरून त्यांनी हाक मारली, "शिकवायला लाग. तुला मोजता येतं." मी कळशी सोडली आणि रहाटाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही असं दाखवलं. साठीच्या दशकात केव्हातरी ते मुंबईत वारल्याचं कळलं. मला रडू आलं नाही.

पण मी शिक्षिका झाले. मुलं विचारतात, "बाई, नक्की ना?" आणि माझ्या तोंडून बाहेर पडतं, "असंच असेल असं नाही." मुलं वैतागतात. मीही वैतागते. त्या माणसाने माझ्यातून एक सोयीचा शब्द कायमचा काढून नेला.

तात्या गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. बाबीकाका देवबागला मुलाकडे असतात, नजर गेलीय, कान शाबूत आहेत. तात्यांनी लबाडी केली नव्हती, हे त्यांना कुणीतरी समोर बसून सांगायला हवं, आणि सांगायला मीच उरले आहे. मुलगी म्हणून ते मला माहीत आहे. पण ते पहिला प्रश्न विचारतील, "कशावरून?" त्यावर मला जे उत्तर येतं, ते छत्रीवाल्याचंच. दुसरं सापडेपर्यंत देवबागला जायचं राहिलं आहे.