बारदानासकट

जावयानं तिकिटं पाठवली आणि खाली एक ओळ लिहिली: माणशी पंधरा किलो सामानात, सात किलो हातात. ओळ वाचून मला बरं वाटलं. विमानातलं मला काही कळत नाही, पण किलोतलं कळतं. सगळा जन्म मंठा गावच्या धान्याच्या मोंढ्यात आडत दुकानावर गेला. सोयाबीन, तूर, हरभरा, येईल ते काट्यावर चढवायचं आणि उतरवायचं. मला कुणी वजन शिकवावं?

तसाही त्या दिवसांत आमच्या घरात वजनाशिवाय दुसरा विषय नव्हता. लेक बंगळुरूला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून बायकोनं मागची खोली रंगवून घेतली होती, आणि नात आठवा महिना लागतो न लागतो तोच तिकडं जन्मली. पुष्कळ दिवस काचेच्या पेटीत होती. घरी आली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, अडीच किलो भरेपर्यंत माणसं गोळा करायची नाहीत, बारसं तर नाहीच. रोज सकाळी लेकीचा फोन यायचा. 'कशी आहेस' विचारायच्या आधी आम्ही 'किती भरली' विचारायचो. कधी थोडं वाढलेलं असायचं, कधी काहीच नाही. काहीच नसलं की मी दुकानात हमालांवर उगाच खेकसायचो. मनातून भ्यायलो होतो, दुसरं काय!

अडीचला थोडंच राहिलं तेव्हा लेक म्हणाली, "या आता. बारसं तुमच्या हातानंच करू."

मग माझ्या पायाला भिंगरी लागली. विमानात बसलेला दिसेल त्याला नियम विचारत सुटलो. एकदा बसून आलेला माणूस जन्मभराचा जाणकार होतो. एकानं सांगितलं, पॉवर बँक हातातच ठेवा. दुसरा म्हणाला, कात्री हातात ठेवू नका. तिसऱ्यानं सुक्या खोबऱ्यावर बंदी असल्याचं सांगितलं आणि बायकोच्या तोंडचं पाणी पळालं.

"मंग डिंकाच्या लाडवातलं खोबरं? ते काय एकेक वेचून काढू का?"

"लाडू झाला की खोबरं ऱ्हात न्हाई," मी दडपून सांगितलं. तिला पटलं. मलाच पटलं नव्हतं.

बॅगेच्या तळाशी तिनं वरवंटा ठेवला. बारशाला आमच्याकडं बाळाच्या आधी वरवंट्याला पाळण्यात निजवतात. त्याला कुंची घालतात, बायका त्याला बाळासारखं पाळण्याच्या खालून-वरून हातोहात देतात, आणि मग खरं बाळ. बाळानं दगडासारखं टणक व्हावं म्हणून. हा वरवंटा आमच्या लेकीच्या बारशाचा.

"अगं, बंगळुरूत दगड मिळत न्हाईत का?"

"मिळत असतील. पण ह्यो आपल्या पोरीच्या पाळण्यात निजलेला हाय. ती पण अशीच काडी होती, इसरले का?"

विसरलो नव्हतो. वरवंटा मी काट्यावर ठेवून पाहिला. नातीपेक्षा किलोभर जास्त भरला. ते बायकोला सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी दोन्ही भरलेल्या बॅगा मोंढ्यात नेल्या. भरायच्या आधी त्या रिकाम्या तोलून ठेवल्या होत्याच. एकूण वजनातून बारदान वजा केलं. पोतं तोललं की पोत्याचं वजन सोडून द्यायचं, ही आमच्या धंद्याची रीत. निव्वळ माल दोघांचा मिळून बरोबर तीस किलो. "शेठ, काटा एकदम बराबर हाय," हमाल म्हणाला. मी ऐटीत गाडीत बसलो.

संभाजीनगरच्या विमानतळावर खिडकीवरच्या मुलीनं दोन्ही बॅगा पट्ट्यावर ठेवायला लावल्या.

"सर, आठ किलो जास्त आहे."

"बारदान वजा करा ना."

"काय?"

"रिकाम्या बॅगांचं वजन. माल तीस किलोच आहे. आजच तोलून आणलाय."

"सर, वजन बॅगेसकट धरतात."

"बॅगेसकट? मग काय सामान धोतरात बांधून आणायचं होतं?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. माझा पारा चढला. बारदान किती वजा करायचं यावर शेतकऱ्यांशी मी जन्मभर हुज्जत घातली, पण बारदान वजा करायचंच नाही असं म्हणणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटत होतं. जादा वजनाचे पैसे भरा म्हणाली, तर मी म्हणालो, एक रुपया देणार नाही. बायकोनं माझी बाही ओढली.

"अहो, ह्यो मोंढा न्हाई. पोरीकडं जायचंय आपल्याला."

मी तिथंच फरशीवर बसून बॅगा उघडल्या. ज्वारीचं पीठ, गूळ, डाळी, सगळं बाहेर थांबलेल्या गाडीवाल्याला देऊन आलो. तरी थोडं जास्तच. उरला तो वरवंटा. तो काढून बायकोच्या हातातल्या पिशवीत टाकला आणि जिंकल्यासारखं मुलीकडं बघितलं.

पुढं तपासणीत पिशवी अडली. जवानानं वरवंट्याला गुंडाळलेली कुंची उलगडली आणि दगड हातात धरून आमच्याकडं पाहत राहिला.

"ये अंदर नहीं जाएगा. यहीं छोड़ना पड़ेगा."

बायको म्हणाली, "मंग मी बी हितंच ऱ्हाते."

तिला ओळखणाऱ्याला कळलं असतं की ती खरंच राहिली असती. आमच्या विमानाची घोषणा होत होती आणि ही बाई दगड छातीशी धरून उभी. मला तिचा राग आला, त्या जवानाचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. मी पिशवी घेऊन उलटा पळालो. त्याच मुलीपुढं धापा टाकत उभा राहिलो. काय लागले ते पैसे निमूट भरले. तिनं कुंचीतल्या दगडाकडं एकदा पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि पिशवीला पट्टी चिकटवली. विमानभर बायको एकच विचारत होती, "आला असंल ना बराबर?" बंगळुरूला पट्ट्यावर ती पिशवी दिसली तेव्हा कुठं ती पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीनं छोटा काटा टेबलावर मांडला. मी खुर्ची ओढून अगदी पुढ्यात बसलो. बायकोनं वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवलंसुद्धा होतं. लेकीनं दुपट्यात गुंडाळलेली नात काट्यावर ठेवली. नात मुठी आवळून होती. आकडे वरखाली नाचले आणि थांबले. अडीचच्या वर!

"भरली!" मी ओरडलो. "भरली बघ!"

"थांबा बाबा," लेक म्हणाली. "दुपटं वजा करायचंय."

"असू दे की."

"बाबा, बारदान आहे ते."

"आज धर ना बारदानासकट," मी म्हणालो.

तिनं माझ्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला. मग नातीला उचलून आईकडं दिलं, दुपटं एकटंच काट्यावर ठेवलं आणि वजा केलं. आडत्याचीच पोर ती. अडीचला वीस ग्रॅम कमी.

वीस ग्रॅम! मोंढ्यात एवढे दाणे रोज पायाखाली सांडतात, ते उचलायला कुणी वाकतही नाही.

बायकोनं नातीला लेकीच्या मांडीवर दिलं, पाळण्यातून वरवंटा काढला आणि त्याची कुंची सोडून घडी घातली. "भरंल उद्या," ती म्हणाली. "न्हाई तर परवा." आणि स्वयंपाकघरात गेली. मी मात्र काट्यापुढून हललो नाही.