बिनतिकिटाचा व्यायाम

माझा राग नाकावर असतो, हे माझ्या वर्गातली पोरं कुणालाही सांगतील. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला आणि तो राग काढायला मला रोज नवं कारण मिळू लागलं. त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. महाडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की पहिले काही महिने नेटाने व्यायाम केला तर हात परत येईल, खंड पडला तर हातचा जाईल.

आता पोलादपुरात रोज घरी येऊन व्यायाम करवून घेणारं माणूस आणायचं कुठून? मला तर सकाळची गाडी पकडून महाडला शाळेत शिकवायला जायचं असतं. शोधता शोधता मोबाइलवर एक बाई सापडल्या. असे व्यायाम शिकवायचे व्हिडिओ त्या करायच्या. स्वच्छ मराठी, कसली घाई नाही की आरडाओरडा नाही. मी शाळेतून मिळालेला जुना लॅपटॉप आबांच्या खाटेसमोर मांडला.

"हात वर घ्या," बाई म्हणाल्या. "तिथेच ठेवा. मी सांगेन तेव्हा खाली."

आबांनी डाव्या हाताच्या आधाराने उजवा वर नेला आणि नेमकी जाहिरात लागली. आधी फरशांची, मग गुडघ्याच्या तेलाची. आबा हात वर धरून बसलेले, कपाळावर घाम.

"आबा, खाली घ्या की!"

"बाईंनी कुठं सांगितलंय अजून?"

मला हसावं की रडावं कळेना. चार दिवसांनी ते तेल मागवायचा हट्ट त्यांनी धरला तेव्हा मात्र माझा पारा चढला. आठवड्यात चालायला लावणारं तेल म्हणे! आमच्या शाळेतल्या संगणकाच्या सरांकडून मी लॅपटॉपमध्ये जाहिराती अडवणारी युक्ती बसवून घेतली. दुसऱ्या दिवसापासून घरात शांतता. बाई बोलत, आबा करत. महिन्याभरात अंगठा हलू लागला, बोटं जरा मिटू लागली. मी स्वतःवरच खूश होते.

एका सकाळी आबांनी विचारलं, "मधली ती गडबड कशी गो नाय लागत आता?"

मी मोठ्या ऐटीत सगळं समजावलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे त्या बाईंना जाहिरातीचं पैसं मिळायचं, ते आता नाय मिळत."

"थोडे कमी मिळत असतील."

"मंग आपण बिनतिकीट बसलोय."

आबा तीस वर्षं लाल गाडीवर कंडक्टर होते. आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला जाणाऱ्या गाडीत मी लहानपणी चढले तर स्वतःच्या खिशातले पैसे घालून माझंही हाफ तिकीट फाडायचे. अशा माणसाला मी काय सांगून बसले होते! लॅपटॉपकडे पाठ करून ते खाटेवर आडवे झाले.

मी भांडले. नेटचे पैसे आपण भरतोच की, म्हटलं. जाहिरातीतला बराचसा वाटा व्हिडिओ दाखवणारी कंपनीच खाते, बाईंच्या हाती उरतं काय? आणि ते तेल? माणसांना फसवणाऱ्या जाहिराती का म्हणून बघायच्या?

"तेल खोटंच हाय, कबूल," आबा म्हणाले. "नको बघूया जाहिरात. पण मंग तिकीट काढ."

मीही हट्टाला पेटले. म्हटलं, बघू किती दिवस रुसतात. तीन दिवस व्यायाम झाला नाही. चौथ्या दिवशी सकाळी चहाचा कप द्यायला गेले तर त्यांची बोटं पुन्हा आखडलेली. कप धरायला ती उघडेचनात. आबांनी डावा हात पुढे केला. स्वतःचं खरं करायच्या नादात मी त्यांचा हात घालवायला निघाले होते.

तिथेच बसून मी त्या कंपनीकडे महिन्याचे पैसे भरले. जाहिराती नाहीत आणि बाईंनाही त्यातला वाटा पोचतो, अशी ती सोय होती. ती आधीपासूनच होती, मीच कधी तिकडे पाहिलं नव्हतं. मोबाइलवर पावती आली. आबांनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली, तारीखसुद्धा तपासली, आणि उठून लॅपटॉपसमोर बसले.

बातम्यांच्या मध्ये उड्या मारणाऱ्या जाहिराती मी आजही अडवते आणि त्याची मला तिळमात्र लाज वाटत नाही. आबांना ते पटत नाही, आमची त्यावरून अजून वादावादी होते. पण त्या बाईंचे माझ्यावर उपकार आहेत. आमचं गाव त्यांना ठाऊक नाही, आबांचा चेहरा त्यांनी पाहिलेला नाही, तरी सकाळी शाळेला निघताना आबांना त्यांच्यावर सोपवून मी निर्धास्त जात होते.

गेल्या पौर्णिमेला आबांना घेऊन मी बुद्धविहारात गेले. झटका आल्यापासून ते तिथे जायचं टाळत होते. वंदना सुरू झाली. आबांचा उजवा हात सावकाश, जरासा थरथरत वर आला आणि कुणाच्याही आधाराशिवाय डाव्याला जाऊन जुळला. मी हात जोडायचे विसरून त्यांच्याकडेच बघत राहिले.