हनानचा ट्रे

२०१६ साल. मी एकसष्ट वर्षांचा. सौदीत, येमेनच्या सरहद्दीजवळच्या जिझानला एका कंपनीच्या कॅम्पात मेस चालवायचो, आणि माझा भरलेला ट्रे पुन्हा तसाच परत आला होता.

ट्रे हनानचा. सात वर्षांची पोर. येमेनमध्ये लढाई पेटली, आईबाप कोसळलेल्या घराखाली गेले, म्हणून आजीने तिला सरहद्दीपलीकडे मामाकडे धाडली. मामा सालेह आमच्या पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर. दिवसभर तिला माझ्या मेसमध्ये बसवून जायचा.

पोर जेवेना! मी चौथी नापास, पण माझ्या हातचं कुणी टाकलेलं नाही. मिरची काढली. कोंबडी दिली. रत्नागिरीची शेवयांची खीर केली. ती मांडीवर हात ठेवून दाराकडे बघत बसायची. अन्न थंड झालं की उठायची.

"कमी काय आहे गं यात?" मी मराठीतच ओरडलो.

सालेह हात टेकून म्हणाला, "चाचा, खात नसेल तर आजीकडे परत पाठवतो. इथे माझ्या डोळ्यांसमोर मरायला नको."

"परत? बॉम्बखाली?"

"मग तू खायला घाल!"

सुपरवायझर फहद सव्वीस वर्षांचा. परदेशी काढून सौदी माणसं भरायच्या सौदीकरणात आमचा जुना मल्याळी सुपरवायझर गेला आणि हा आला. आल्या आल्या मिळून जेवायची मोठी तबकं बंद, माणशी एक ट्रे. मला अम्मी म्हणायचा, म्हणजे अरबीत काका. म्हणाला, "अम्मी, मेनू बदल."

"मेनूला काय धाड भरलीय?"

संध्याकाळी वैतागून सालेहला विचारलं, "घरी कशात जेवायची ही?"

"कशात म्हणजे? एकाच तबकात, सगळी. सगळे बसायच्या आधी हात लावला की आजी फटका द्यायची."

"अरे गाढवा! आठवडाभर मी खिरी शिजवतोय, आणि हे आज सांगतोस?"

आमच्या घरीही हीच रीत. स्वयंपाक्याने मिठाआधी पंगत बघावी, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरचं तबक काढून घासलं. मध्ये घोटलेला बाकला, म्हणजे तिकडची वालासारखी कडधान्याची उसळ, भोवती गरम खुबूस, अरबी रोट्या. सालेहला टँकरवरून खाली ओढला. मी बसलो, गुडघे बोंबलले. फहद आला.

"अम्मी, ट्रे कुठे?"

"धुवायला टाकलेत. बस."

बसला बिचारा. हनानने आम्हा तिघांकडे पाहिलं. एकदा दाराकडे पाहिलं. मग खुबूस तोडला, बाकल्यात बुडवला, खाल्ला, आणि मामाच्या कानात काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

"मीठ कमी आहे म्हणते."

मी उठलो आणि मीठ आणलं.