एका वाक्याचं भाषांतर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय — ते मलाही नीट कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

माझं इंग्रजी चांगलं आहे. झरीसारख्या गावातून शिकलेली पोरगी एवढं फाडफाड इंग्रजी बोलते, याचं लोकांना भारी कौतुक. मलाही होतंच की! त्या कौतुकापायीच आमच्या भागातल्या एका संस्थेच्या अध्यक्षांनी मला एक दिवस दुभाषी म्हणून बोलावलं. पेडगावच्या पुढे त्यांच्या संस्थेचं मुलींचं अनाथालय होतं आणि बोरीला शाळा. त्या शाळेत इंग्रजीची जागा निघणार होती, आणि मी बी.एड. करून तीन वर्षं घरी बसले होते. खासगी संस्थेत नोकरी कशी लागते, हे तुम्हाला मी काय सांगायचं?

एमा नावाची परदेशी स्वयंसेविका आली होती. एक दिवस तिला पोरींसोबत घालवायचा होता. भली होती बिचारी. मांडी घालता येत नसताना सतरंजीवर बसली, कागदाचे पक्षी करून दिले, तिखटानं डोळ्यांतून पाणी आलं तरी पिठलं संपवलं. मी मध्ये बसून इकडचं तिकडे करत होते. आणि खरं सांगू? मजा येत होती मला.

दुपारी मुक्ता आमच्याजवळ येऊन बसली. आठेक वर्षांची असेल. तिने एमाचा हात धरला आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "म्याडम, ही बाई गाडीनं जायलीय ना? तिला सांगा, माझी माय हाय. बोरीला. माय दवाखान्यात व्हती तवा चुलत्यानं मला हितं आनून सोडलं. मायला ठाऊकच न्हाई मी कुटं हाय ते."

अध्यक्ष चार हातांवर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी ऐकलं. बोलले काहीच नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. बोलले असते तर आज त्यांच्यावर ढकलता आलं असतं.

एमाने विचारलं, काय म्हणतेय ही? एक शब्द सारखा येतोय — माय. म्हणजे काय?

मी घाबरले होते का? गोंधळले होते? नाही हो. विचार करायलाही वेळ लागला नाही मला, हेच वाईट. मी म्हणाले — माय म्हणजे आई. ती म्हणतेय, तुम्ही मला माझ्या आईसारख्या वाटता.

व्याकरणाची एक चूक नव्हती त्यात.

एमा रडायलाच लागली. तिने मुक्ताला कुशीत ओढलं. आणि मुक्ताला वाटलं — निरोप पोचला. बाई आपल्या मायसाठी रडतेय. एमाच्या खांद्यावरून तिने मला विचारलं, "सांगितलं का तुमी?" मी हो म्हणाले. तेव्हा ती हसली. ते हसणं मला अजून दिसतं, आणि दिसलं की स्वतःची किळस येते.

नोकरी लागली. बोरीतच. रोज त्या गावात बसमधून उतरायचे, आणि एकदाही कुणाला विचारलं नाही. काय लागत होतं विचारायला? पुढे अनाथालय बंद पडलं, पोरींना कुठल्या कुठल्या जिल्ह्यांत पाठवलं. मुक्ता कुठे गेली, तेही मी विचारलं नाही.

मग एका वर्षी घरोघरच्या सर्वेक्षणाचं काम आमच्या शाळेवर आलं. माझ्या वाट्याच्या गल्लीत एक बाई दारात भाजी निवडत बसली होती. घरात माणसं किती, मी विचारलं.

"दोन. मी आन माझी लेक."

लेक कुठेय?

"मी दवाखान्यात व्हते तवा हरवली. दीर म्हनतो, यात्रंत हात सुटला. लय हुडकलं. येईल की... तुमी लिवा."

मी नाव विचारलं. कशाला विचारलं? मला कळून चुकलं होतं. तरी विचारलं. मुक्ता, ती म्हणाली.

सांगता आलं असतं. पोरी कुठे पाठवल्या त्याचे कागद संस्थेत असणारच, तिला घेऊन जाता आलं असतं. पण मग मला हे कसं ठाऊक — तेही सांगावं लागलं असतं. तिने पाण्याचा तांब्या दिला. मी प्यायले.

फॉर्मवर घरात राहणारी माणसंच लिहायची असतात. मी 'एक' लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं. अंगठा घेताना तिने विचारलं, "दोन लिवलं ना?"

मी हो म्हणाले.